गाताना न अडणारा ज्युनियर

हे प्रकरण मुंबईच्या लोकल गाडीत भजन म्हणणाऱ्या आमच्या मंडळातल्या, अडखळत बोलणाऱ्या एका मुलाचं आहे. त्याला विचारून लिहिलंय, लिहून झाल्यावर वाचायलाही दिलंय, काही जागा त्याने काढायला लावल्या त्या काढल्यात. नाव, कंपनी वगैरे काही देणार नाही, गाडीत त्याला सगळे ज्युनियर म्हणतात तेच इथे चालवतो.

आवडत्या गाण्याने माणूस घडतो का ह्यावर लोक भरभरून बोलतात आणि बहुतेक वेळा गाडी शब्दांपाशी येऊन थांबते, म्हणजे अमक्या ओळीने मला धीर दिला, तमक्या ओळीमुळे मी पुन्हा उभा राहिलो. असेल, नाही म्हणत नाही. पण ज्युनियरच्या बाबतीत मी जे डोळ्यासमोर बघितलं त्यात शब्दांच्या अर्थाचा फारसा संबंधच नव्हता. आणि गंमत म्हणजे जो काही फरक पडला त्यातला मोठा भाग गाणं चालू असताना पडलाच नाही, दोन अभंगांच्या मधे जे काही सेकंद असतात त्यात पडला. ते कसं हे सांगायला एवढं लिहितोय.

आधी मुलगा कोण ते

ज्युनियर डोंबिवली पूर्वेला राहतो, पंचविशीच्या आतला, बी.कॉम. झालेला. लहानपणापासून अडखळत बोलतो. शाळेत चिडवणं वगैरे जे सगळीकडे होतं ते ह्याचंही झालं, त्यात वेगळं सांगण्यासारखं काही नाही. मला जे नव्याने कळलं ते हे की अडखळणं बाहेर जेवढं दिसतं त्याच्या कितीतरी पट ते आत चालू असतं. त्याला ड, त, प ह्या अक्षरांवर जास्त अडायचं, आणि राहायला डोंबिवलीत! कॉलेजला असताना पास संपलेला असला आणि सीएसएमटीच्या खिडकीवर तिकीट काढायची वेळ आली की मागे रांग, आत वैतागलेला माणूस, आणि ह्याच्या तोंडातून ‘डों’ काही केल्या बाहेर पडायचं नाही, मग हा पठ्ठ्या सरळ ‘कल्याण’ म्हणायचा. डोंबिवलीच्याही पुढचं तिकीट घ्यायचं आणि आपलं डोंबिवलीला उतरायचं. हे त्याने मला हसत हसत सांगितलं, मला काही हसू आलं नाही.

नंतर मोबाईलवर तिकीट निघायला लागलं. अख्ख्या मुंबईची सोय झाली, ह्याची तर सुटकाच झाली, पण माझ्या मते तिथेच जरा घोटाळाही झाला. तिकीट ॲपवर, जेवण ॲपवर, बँकेचं काम ॲपवर, म्हणजे बोलायची वेळच कमी कमी होत गेली आणि जी उरली ती जास्त जास्त भीतीदायक झाली. बाकी शब्द बदलता येतात, ‘पाणी’ अडलं तर ‘जरा बाटली दे’ म्हणता येतं, असे बदल करण्यात ही मुलं एकदम तरबेज असतात. पण स्वतःचं नाव बदलता येत नाही. त्यामुळे अडखळणाऱ्या बऱ्याच जणांना सगळ्यात जड जातं ते स्वतःचं नाव. ज्युनियरला कुणी नाव विचारलं की तो गळ्यातलं ऑफिसचं आयकार्ड उचलून दाखवायचा. आमच्या डब्यात त्याच्याच आडनावाचे एक वयस्कर गृहस्थ आधीपासून होते, म्हणून हा ज्युनियर झाला आणि नाव सांगायची भानगडच मिटली.

नोकरी बॅलार्ड इस्टेटच्या बाजूला एका मालवाहतूक कंपनीत. मुद्दाम फोन नसलेलं टेबल मागून घेतलेलं, दिवसभर कॉम्प्युटरवर एन्ट्र्या मारायच्या. पोरगा हुशार आहे, त्याच्याबरोबर लागलेले पुढे सरकले, हा तिथेच.

थोडी माहिती इथेच सांगून टाकतो, कारण ह्याबद्दल आपल्याकडे फार गैरसमज आहेत. अडखळणं बहुतेक वेळा दोन ते पाच ह्या वयात सुरू होतं, बऱ्याच मुलांचं आपोआप जातं, मोठ्या माणसांत साधारण शंभरात एकाचं राहतं आणि पुरुषांत ते बायकांपेक्षा बरंच जास्त दिसतं. घाबरट स्वभावामुळे, आईबापांच्या धाकामुळे किंवा कुणाची नक्कल केल्यामुळे ते होत नाही. घराण्यात चालत येतं, आणि बोलण्याच्या हालचालींची वेळ मेंदू कशी सांभाळतो त्याच्याशी त्याचा संबंध आहे असं अभ्यासक मानतात. घाबरल्यावर वाढतं हे खरं, पण घाबरल्यामुळे लागत नाही. आणि गाताना, किंवा चार जणांबरोबर एका सुरात वाचताना, किंवा ठोक्यावर एकेक अक्षर टाकत बोलताना ते बहुतेकांचं जवळजवळ नाहीसं होतं.

ही शेवटची गोष्ट ह्या प्रकरणात महत्त्वाची आहे, कारण घरात नेमका तिचाच उलटा अर्थ लावलेला होता. आईचं म्हणणं, “आंघोळ करताना अख्खं गाणं घडाघडा म्हणतो, तिथे बरं अडत नाही, मग आमच्याशी बोलतानाच कसं अडतं? लक्ष देत नाही, दुसरं काय.” माऊलीचा हेतू वाईट नाही, तिला खरंच तसं वाटत होतं. पण पोराने काय केलं, बाथरूममधलंही गाणं बंद केलं.

कानातली गाणी

गाण्याचा नाद त्याला जबरदस्त. जुनी हिंदी फिल्मी गाणी, त्यातही दुःखी, संथ. कुठल्या गाण्यात सतार कुठे येते, दुसऱ्या कडव्याआधी बासरी किती वाजते हे सगळं पाठ. सकाळी डोंबिवलीला चढल्यापासून कानात वायर, उतरेपर्यंत काढायची नाही. आवडत्या गाण्यात अंगावर काटा येणारी जी जागा असते तिथे मेंदूत डोपामिन हे सुखाशी जोडलेलं रसायन सुटतं, आणि ती जागा आता येणार हे ठाऊक असल्यामुळे आधीपासूनच सुटायला लागतं, हे कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली दाखवलं होतं. म्हणजे तेच तेच गाणं शंभरदा ऐकणारा माणूस काही वेडा नसतो, त्याला दर वेळी काहीतरी मिळत असतं. ज्युनियरलाही मिळत होतं. पण कानात वायर असलेल्या माणसाला कुणी ‘पुढचं स्टेशन कुठलं’ विचारत नाही हाही त्यातला मोठा फायदा होता, हे त्याने स्वतःच नंतर कबूल केलं. बऱ्याचदा गाणं चालूही नसायचं म्हणे, नुसती वायर.

मला विचाराल तर आवडतं गाणं माणसाला वाढवतं तसंच लपवूनही ठेवतं, आणि बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं.

आमचा डबा

आमचं भजनी मंडळ डोंबिवलीच्या सकाळच्या एका फास्ट गाडीत असतं, सेकंड क्लासचा डबा. काही जण सीटसाठी कल्याणपर्यंत डाऊन करून, म्हणजे आधी उलट्या दिशेने जाऊन, येतात. पखवाज वगैरे काही नाही, चार-पाच जोड टाळ, आणि एक जण डब्याच्या पत्र्यावर असा काही ठेका धरतो की पखवाजाची आठवण येऊ नये. बुवा म्हणजे मंडळाचे मुख्य गाणारे, मूळचे सिंधुदुर्गातले, तरुणपणी डबलबारीच्या सामन्यांत गायलेले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, डबलबारी म्हणजे दोन बुवा आपापल्या कोरससकट आमनेसामने बसतात आणि रात्र रात्र भजनाची जुगलबंदी चालते, कोकणात तर असतेच, मुंबईतही भरपूर होते.

गाडीतलं भजन सगळ्यांना आवडत नाही हे मला माहीत आहे. कुणाचं डोकं दुखत असतं, कुणाचा पेपर असतो, कुणाला नुसतं डोळे मिटून बसायचं असतं, आणि त्यांचं काही चुकत नाही. आम्ही ठाण्याच्या पुढे आवाज जरा उतरवतो, कुणी हात जोडले तर थांबतो. तरी शिव्या खातोच. असो.

ज्युनियर आमच्या डब्यात आला तो आवडीने नाही. पावसात गाड्या लेट, प्लॅटफॉर्मवर मुंगीला वाव नाही, चढताना गर्दीने जिथे ढकललं तिथे गेला, ते नेमके आमच्या मंडळीच्या मधे. कानात वायर तशीच. पण पत्र्यावर ठेका धरणाऱ्या आमच्या मंडळीचं लक्ष होतं, त्यांना दिसलं की ह्या पोराचं बोट बॅगच्या पट्ट्यावर चालतंय आणि बरोबर समेवर पडतंय. म्हणजे कानात काही वाजत नव्हतंच. त्यांनी काही न विचारता हातात टाळ दिला. बोलायला लागलं असतं तर तो दादरपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिला असता, नुसता टाळ दिला म्हणून घेतला असं त्याचंच म्हणणं.

दुसऱ्या दिवशी तो आपणहून आला.

अभंगाची मोजणी

वारकरी पद्धतीच्या भजनात सुरुवातीला रूपाचा, म्हणजे विठ्ठलाच्या रूपाचं वर्णन करणारा, अभंग घेतात, आमच्याकडे बहुतेक दिवस तुकोबांचा ‘सुंदर ते ध्यान’ असतो. हाच ज्युनियरचा आवडता झाला. तो काही देवभोळा नाही, उपासतापास करत नाही, पंढरपूरला कधी गेलेला नाही. आवडला तो त्याच्या बांधणीमुळे. ‘सुंदर ते ध्यान, उभे विटेवरी, कर कटावरी, ठेवोनिया.’ अक्षरं मोजा, सहा, सहा, सहा आणि शेवटी चार. हा मोठ्या अभंगाचा साचा, दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाला यमक. शेवटची चार अक्षरं झाली की आमच्या चालीत थोडी जागा उरते, टाळ चालूच असतो, त्या जागेत सगळे श्वास घेतात. ज्युनियर म्हणाला, “काका, त्या जागेत मी पहिल्यांदा लोकांच्या मधे असून निवांत श्वास घेतला, कारण पुढचं अक्षर कधी टाकायचं हे मला ठरवायचंच नव्हतं.”

मला हे वाक्य फार मोलाचं वाटतं. बोलताना पुढचा शब्द कधी सुरू करायचा हे मेंदूने आतल्या आत ठरवायचं असतं आणि ह्या लोकांची गाडी तिथेच अडते. गाण्यात ती वेळ बाहेरून मिळते, टाळाकडून, चालीकडून, शेजारच्याकडून. शब्द आधीपासून पाठ असतात, स्वर लांबवलेले असतात, आणि समोरचा माणूस उत्तराची वाट बघत उभा नसतो. एवढी सगळी मदत एकाच वेळी मिळाल्यावर अडेल कशाला.

कोरसमधे तो पटकन रुळला. आवाज चांगला निघाला, जरा पातळ पण सुरात पक्का. अभंगात पुढे ‘तुळसीहार’ येतं, त अक्षर, ह्याचं हक्काचं अडायचं ठिकाण, तिथून तो आरामात पार व्हायचा आणि पार झाल्यावर गालात हसायचा. आम्हाला वाटायचं भक्तिभावाने हसतोय!

बुवा आले नाहीत तो दिवस

एकदा बुवा आजारी होते. अभंग उचलणार कोण ह्यावर नेहमीप्रमाणे ‘तुम्ही घ्या, तुम्ही घ्या’ चाललं होतं, तेवढ्यात ज्युनियरने उचलला. एकट्याने, मोकळ्या आवाजात, पहिल्या ओळीपासून शेवटच्या चरणापर्यंत. विरुद्ध टोकाला पत्ते खेळणारे असतात ना, त्यांनीसुद्धा डाव थांबवून बघितलं. संपल्यावर टाळ्या वगैरे झाल्या, आणि त्याने, साहजिकच, शेजारच्याला विचारायला तोंड उघडलं की बुवा परवा येणार का. ‘प’ वर जो अडकला तो अडकलाच. मान एका बाजूला गेली, डोळे मिटले, ओठ घट्ट चिकटलेले. आता जो मुलगा मिनिटभरापूर्वी डबा डोक्यावर घेत होता तो एका अक्षरापाशी उभा आहे, हे ज्यांनी पहिल्यांदाच पाहिलं त्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते. आणि एक गृहस्थ, अगदी प्रेमाने, म्हणाले, “अरे गाताना किती छान जमतं तुला, मग असंच गात गात बोलायचं ना!”

परत आईचंच वाक्य, वेगळ्या तोंडून. ज्युनियर त्यानंतर बरेच दिवस आमच्या डब्यात दिसला नाही, मागच्या डब्याने जायचा.

लोक ही गल्लत का करतात तेही समजून घ्यायला हवं. मंडळातल्या एकाच्या वडिलांना अर्धांगवायू झालेला, ते साधं ‘चहा’ म्हणू शकत नाहीत पण आरती सुरू झाली की सगळी म्हणतात. असं खरंच होतं, आणि त्यावरून बोस्टनमधल्या डॉक्टर मंडळींनी १९७३ साली मेलॉडिक इंटोनेशन थेरपी नावाची पद्धतही मांडली, सुरात बोलायला लावून हळूहळू साध्या बोलण्याकडे आणायची. पण ती मेंदूच्या भाषेच्या भागाला इजा झालेल्यांसाठी. अडखळणाऱ्याची भाषा शाबूतच असते, त्याला काय म्हणायचंय हे त्याला पक्कं माहीत असतं. आणि गाण्यातला ओघ बोलण्यात आपोआप उतरत नाही, हे अनेकांनी करून पाहिलेलं आहे. उतरत असता तर आपल्याकडे अडखळणारा गायक कधी अडखळलाच नसता.

थेरपिस्ट मॅडम

त्याला परत आणलं ते बुवांनी. घरी वगैरे गेले नाहीत, मागच्या डब्यात जाऊन टाळ त्याच्या हातात दिला आणि म्हणाले, “माऊली, कोरस अर्धा पडलाय, या.” बस. त्या दिवसांतच त्याने ठाण्यात एका स्पीच थेरपिस्टकडे जायला सुरुवात केली होती. मुंबईत ह्या कामासाठी वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग ही केंद्र सरकारची मोठी संस्थाच आहे, १९८३ पासूनची, पण ह्याला ऑफिस सांभाळून ठाणं सोयीचं होतं.

मॅडमनी पहिल्यांदा काय केलं तर ‘गात गात बोला’ हे खूळ डोक्यातून काढलं. त्या म्हणाल्या गाण्यातून काय उसनं घेता येतं तेवढंच बघू. मग त्याच अभंगावर काम. आधी गायचा, मग टाळाच्या ठोक्यावर एका सुरात म्हणायचा, मग ठोक्यावर नुसता बोलायचा, मग टाळ बाजूला ठेवून कुणाला तरी सांगितल्यासारखा बोलायचा. पहिल्या तीन पायऱ्या झरझर. चौथीला ‘सुंदर’ निघायचं, कारण स लांबवता येतो, पण ‘तुळसीहार’ आलं की गचका. त लांबवता येत नाही, जीभ दाताला चिकटली की चिकटली. मग मॅडमनी त्याला जीभ हलकी टेकवून शब्द सैल सुरू करायला शिकवलं, गाताना तो न कळत तेच करत होता. ह्याला खूप महिने लागले आणि ते अजूनही दर वेळी जमत नाही.

दुसरं म्हणजे त्यांनी मुद्दाम अडखळायला लावलं. वडापावच्या गाडीवर जायचं आणि जे अक्षर अडत नाही त्यावरसुद्धा आपणहून अडखळायचं, समोरच्याच्या डोळ्यात बघत. ऐकायला विचित्र वाटतं पण ही मान्य पद्धत आहे, कारण अडखळण्यापेक्षा ते लपवण्याची धडपड माणसाला जास्त खाते. त्याने वडापाववाल्याकडे पहिल्यांदा असं केलं तेव्हा वडापाववाल्याने ढिम्म लक्ष दिलं नाही, “तिखा की मीठा?” एवढंच विचारलं. ज्युनियर म्हणतो, एवढी वर्षं ज्याला घाबरलो त्याला समोरचा दोन सेकंदही देत नाही हे कळलं आणि जरा रागच आला.

दोन अभंगांच्या मधे

आता मुख्य गोष्ट. आमच्या डब्यात गर्दीमुळे मंडळी विखुरलेली असते, निम्मे ह्या दाराशी, निम्मे पलीकडच्या दाराशी. बुवांनी कुठला अभंग उचलला हे पलीकडच्यांना पहिली ओळ संपेपर्यंत कळायचं नाही आणि कोरस विस्कळीत व्हायचा. म्हणून पुढचा अभंग कुठला हे कुणीतरी मोठ्याने पुकारायचं असं ठरलं. बुवांनी हे काम ज्युनियरला दिलं. मुद्दाम दिलं की सहज, हे मी त्यांना विचारलं तर ते म्हणाले, “दारातून आवाज पोचतो असा तोच एक आहे.” माझा विश्वास नाही ह्यावर.

हे गाणं नव्हतं, बोलणं होतं. टाळ बंद, चाल नाही, सोबतीला कोणी नाही, आणि अख्खा डबा ऐकतोय. फक्त चार-पाच शब्द. आधी काही दिवस तर मजाच झाली, आम्हाला कळेना की मंडळात एवढे ज्ञानोबांचे आणि नाथांचे अभंग कसे काय वाढले, तुकोबा एकदम गायबच. रूपाचा अभंगसुद्धा माऊलींचा. शेवटी बुवांच्या लक्षात आलं की ‘तुकोबांचा’ हा शब्द ह्याला अडतो म्हणून हा यादीच बदलतोय! दुसऱ्या दिवशी बुवांनी सगळ्यांदेखत सांगितलं, “आज फक्त तुकोबा. माऊली, पुकारा.”

तो अडला. चांगला अडला. घाटकोपर गेलं असेल तेवढ्यात. पण मंडळाचा एक अलिखित नियम तोपर्यंत होऊन गेला होता की त्याचा शब्द दुसऱ्या कुणी पुरा करायचा नाही आणि टाळ वाजवून ती शांतता भरायची नाही. सगळे थांबले. ‘तुकोबांचा’ निघाला, पूर्ण निघाला, आणि लगेच अभंग सुरू झाला. कुणी शाबासकी दिली नाही, ते फार बरं झालं.

मला जे म्हणायचंय ते एवढ्यातच आहे. अभंगाने त्याचं अडखळणं घालवलं नाही. अभंगामुळे त्याला अशी माणसं मिळाली ज्यांनी त्याचा आवाज आधी ऐकलेला होता, ज्यांना रोज सकाळी त्या आवाजाची गरज होती, आणि ज्यांच्यासमोर अडखळून काही नुकसान होत नव्हतं. हे कानातल्या गाण्याने झालं नसतं, ते कितीही गोड असो. एकट्याने ऐकलेलं गाणं माणसाला सावरतं हे मी मानतो, मी स्वतः त्याच्यावरच जगतो, पण ह्या मुलाला सावरायला नको होतं, बाहेर काढायला हवं होतं. काही जण म्हणतील मग ह्यात गाण्याचं काय, क्रिकेटची टीम चालली असती. मला नाही वाटत. टीममधे पहिल्याच दिवशी ओरडून कॉल द्यावा लागतो. इथे त्याला आधी कितीतरी महिने न अडता ऐकू जाता आलं आणि मग अडत अडत.

पुढे काय झालं

दसऱ्याला सुट्टी असते म्हणून आदल्या दिवशी गाडीत पूजा होते, झेंडूची तोरणं, डब्याला हार, प्रसाद. त्या वर्षी मोटरमन, गार्ड आणि डब्यातल्या बाकी प्रवाशांचे आभार ज्युनियरने मानले. लिहून आणलेलं वाचलं, बऱ्याच ठिकाणी अडला, एकदा सुरुवातीलाच म्हणाला की मी अडखळतो, तुम्ही जरा थांबा. आषाढीला मंडळ वडाळ्याच्या विठ्ठल मंदिरात जातं, प्रतिपंढरपूर म्हणतात त्याला, तिथे तो आता बुवांच्या शेजारी उभा असतो.

ऑफिसमधे त्याने साहेबांना स्वतःहून सांगितलं की मला अडखळण्याचा प्रॉब्लेम आहे आणि तरीही मला फोनचं काम हवंय. साहेब आधी बिचकले, मग भिवंडीच्या गोदामांशी बोलायचं काम दिलं. गोदामवाली मंडळी काय फार वाट बघणारी नसतात, पहिल्या आठवड्यात दोघांनी लाईन खराब आहे समजून फोन ठेवून दिले. आता ओळखतात. पगारात फरक पडलाय, फार नाही.

जे झालं नाही तेही सांगतो. स्वतःचं नाव अजून अडतं, अनोळखी माणसासमोर तर हमखास. वडील पाहुण्यांना ‘भजनाने बरा झाला’ असं सांगत फिरतात, ते त्याला आवडत नाही, कारण मग पाहुण्यांसमोर अडलं की परत पहिल्यापासून. आई आता लक्ष दे म्हणत नाही, पण अजून शब्द पुरा करते. मॅडमकडे जाणं परीक्षेच्या वेळी बंद पडलं होतं, तो एमबीएची एन्ट्रन्स देतोय, तेव्हा अडखळणं परत वाढलं होतं. अडखळणाऱ्यांचे स्वतःचे गट असतात, द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशनचे लोक मुंबईतही भेटतात, तिकडे तो एक-दोनदा गेला, तिथल्या मुलांना आमच्या डब्याबद्दल सांगितलं. त्यातला एक येऊन गेला आणि त्याला भजन अजिबात आवडलं नाही. साहजिक आहे, त्याचं गाणं वेगळं असणार.

कानातली वायर अजून आहे. जुनी फिल्मी गाणी सुटलेली नाहीत, उलट सध्या त्यांच्यावरूनच मंडळात वाद पेटलाय. ज्युनियरला आपल्या एका लाडक्या फिल्मी गाण्याच्या चालीवर अभंग बसवायचाय. डबलबारीत असल्या चाली सर्रास घेतात, बुवांनी स्वतः तरुणपणी घेतल्यात, पण आता त्यांना ते चालत नाही, म्हणतात रूपाच्या अभंगाला हात लावायचा नाही. परवा ठाण्यापासून कुर्ल्यापर्यंत दोघांची जुंपली होती. ज्युनियर ‘परंपरा’ ह्या शब्दावर तीन वेळा अडला, तिन्ही वेळा बुवा थांबले, आणि शब्द पुरा झाल्यावर तिन्ही वेळा ठाम नाही म्हणाले. मंडळात सध्या निम्मे इकडे, निम्मे तिकडे आहेत. मी बुवांच्या बाजूने आहे, चाल ऐकली मी, अभंगाला शोभत नाही.